घरचा ग्लुकोमीटर: आकड्यावर किती भरवसा ठेवावा आणि स्ट्रिप्सचा खर्च कसा बसवावा? (नागपूर)

प्रतापनगरकर

नमस्कार. आई ६८ वर्षांची, डायबेटिस जुना. गोळ्यांनी भागेना म्हणून आता इन्सुलिन सुरू झालंय, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणाले, डोस बसेपर्यंत दिवसातून तीनदा शुगर बघा आणि वहीत लिहा. घरी अ‍ॅक्यू-चेक अ‍ॅक्टिव्ह हा मीटर आधीपासून आहे. ताईने पुण्याहून एक देशी कंपनीचा मीटर पाठवला, त्याच्या स्ट्रिप्स (रक्त लावायच्या पट्ट्या) जवळजवळ निम्म्या किमतीत येतात. आज सकाळी लॅबचा मुलगा रक्त न्यायला घरी आला, तेव्हाच दोन्ही मीटर लावून पाहिले. उपाशीपोटी, एकाच बोटाचं रक्त. एक म्हणतो १४८, दुसरा १३१. संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला, १३७.

आईने निकाल देऊन टाकलाय: "दोन्ही खोटारडे." बाबांचं म्हणणं, महाग तो खरा. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एवढा फरक चालतो का? आणि महिन्याला नव्वद स्ट्रिप्स लागणार असतील तर महागाच्याच घ्यायच्या का? नागपुरात कुठे बऱ्या भावात मिळतात तेही सांगा.

राखाडी_झाकण

लॅबमध्येच काम करते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चालवून घ्या.

तुमचे तिन्ही आकडे एकमेकांशी भांडत नाहीयेत. घरच्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१३ चं. लॅबचा आकडा १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मीटरच्या शंभरातल्या ९५ आकड्यांनी त्याच्या १५ टक्के मागेपुढे पडायला हवं. १०० च्या खाली टक्केवारी सोडून सरळ १५ मिलिग्रॅम मागेपुढे. आईंच्या १३७ ला हे लावलं तर साधारण ११७ ते १५७. दोन्ही मीटर आरामात आत बसतात. २००३ चं मानक तर आणखी ढिलं होतं, त्यात २० टक्के चालायचे.

आता शंभरातले उरलेले पाच. ते या हद्दीबाहेर गेले तरी मीटर पास होतो. त्यामुळे एखादा आकडा अगदीच विचित्र आला तर हात धुवायचे, दुसऱ्या बोटाचं रक्त घ्यायचं आणि परत बघायचं. त्या एका आकड्यावर इन्सुलिनचा डोस हलवायचा नाही. आणि काल २१०, आज १९० म्हणून "औषध लागू पडलं" असंही म्हणायचं नाही. २०० ला मिळणारी सूट १७० ते २३० एवढी आहे.

लॅबचा आकडासुद्धा दगडावरची रेघ नसतो. शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात (माझ्या आयडीचं कारण हेच). त्यात सोडियम फ्लोराईड असतं, रक्तातल्या पेशींनी साखर खाऊ नये म्हणून. पण फ्लोराईड लगेच लागू पडत नाही, पहिला तासभर पेशी थोडी साखर फस्त करतातच. साध्या ट्यूबमध्ये रक्त नुसतं पडून राहिलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उकाड्यात त्याहून जास्त. तुमच्याकडून घेतलेला नमुना आणखी चार घरं करून बाइकवरून लॅबमध्ये पोचला असेल, तर १३७ हा शिरेतल्या खऱ्या आकड्यापेक्षा जरा कमीच असण्याची शक्यता आहे. मग तुमचा १४८ वालाही तितका चुकलेला नाही.

आणखी एक, लोक हमखास गफलत करतात ती. मीटर बोटाच्या केशवाहिन्यांतलं रक्त मोजतो, लॅब शिरेतलं. उपाशीपोटी दोन्हींत साखर जवळपास सारखी. जेवणानंतर मात्र बोटातलं रक्त पुढे धावतं, फरक २० टक्क्यांपर्यंत सहज जातो. म्हणून जेवणानंतरच्या लॅब रिपोर्टशी मीटर ताडून पाहू नका. ताडायचाच तर फास्टिंगला, हात धुऊन, शिरेतून रक्त घेतल्यावर पाचेक मिनिटांच्या आत. तुम्ही नेमकं तसंच केलंय, म्हणून तुमच्या आकड्यांना अर्थ आहे.

तर्रीवाला

मंग ताई, लॅबही मागंपुढं होते, मीटरही होते, त आमच्यासारख्यानं पाहावं कोणाकडं? माझा मीटर एकाच बोटावर लागोपाठ १६२ अन् १७४ दाखवून राहिला होता. मी त डोक्याले हातच लावला.

राखाडी_झाकण

भाऊ, १६२ आणि १७४ हा एकच आकडा समजा. त्याच्यावरून तुम्ही काही वेगळं करणार होते का? नाही ना. मीटर तीन गोष्टी सांगायला आहे: शुगर खाली गेली का, फार वर गेली का, आणि आठवडाभरात कल कुठे आहे.

इतवारी_हिशोब

आमच्या घरी तीन पेशंट, त्यामुळे हा हिशोब तोंडपाठ आहे.

मीटरच्या किमतीकडे बघूच नका. तो पाचशेला मिळो की पंधराशेला, एकदाचा खर्च. पैसे जातात स्ट्रिपमध्ये. नागपुरात आज ५० च्या डब्याचा हिशोब केला तर नावाजलेल्या परदेशी कंपन्यांची एक स्ट्रिप २० रुपयांच्या आसपास पडते, काहींची थोडी वरच, देशी कंपन्यांची १० च्या आसपास. प्रतापनगरकरांचे दिवसाचे तीन म्हणजे वर्षाला १०९५ स्ट्रिप्स. २० च्या भावाने २१,९०० रुपये, १० च्या भावाने १०,९५०. फरक अकरा हजारांचा. लॅन्सेट, म्हणजे टोचायच्या सुया, वेगळ्या. त्या स्वस्तात पडतात, पण धरायच्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. महागाची स्ट्रिप आणून दिवसाआड तपासण्यापेक्षा स्वस्तातली आणून सांगितल्याप्रमाणे तीनदा तपासणं बरं. माझे काका उलटं करतात. उंची मीटर, आणि "स्ट्रिप वाया जाते" म्हणून आठवड्यातून एकदा, तेही जेव्हा त्यांना वाटतं की आज चांगलीच येईल तेव्हा.

मेडिकलवाला_सक्करदरा

काउंटरच्या या बाजूने थोडं सांगतो.

मीटरवर आम्हाला फार सुटत नाही. कंपनी "५० स्ट्रिप्सवर मीटर फ्री" अशी स्कीम देते ती उगाच नाही. एकदा मीटर घरात आला की गिऱ्हाईक पुढची पाच वर्षं त्याच स्ट्रिपला बांधलं गेलं. म्हणून फुकटचा मीटर घेण्याआधी त्याच्या स्ट्रिपचा भाव विचारा आणि ती स्ट्रिप तुमच्या गल्लीतल्या दुकानात मिळते का तेही विचारा. काही मीटरच्या स्ट्रिप्स फक्त ऑनलाइन येतात. दिवाळीत कुरिअर चार दिवस अडकलं की लोक माझ्याकडे येतात, आणि माझ्याकडे ती स्ट्रिप नसते.

सरकारी बाजूने तीन गोष्टी झाल्या. ग्लुकोमीटर १ जानेवारी २०२१ पासून औषध कायद्याखाली आला, म्हणजे आता कोणीही उठून बनवून विकावा असं राहिलं नाही. त्याच वर्षी जुलैत ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र यांच्यासोबत ग्लुकोमीटरच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा आली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मीटर आणि स्ट्रिप्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुना छापील भाव दाखवून कोणी जुनेच पैसे मागत असेल तर बिल मागा.

भावाबद्दल: गंजीपेठेतल्या दवा बाजारात ठोक मिळतं, पण तीन-चार डबे एकदम घेतले तरच जाण्यात अर्थ आहे. आणि तिथे असो, ऑनलाइन असो की माझ्याकडे, डबा हातात घेतला की आधी एक्स्पायरी बघा. जिथे सूट फार मोठी असते तिथे बहुतेक वेळा तारीख जवळ आलेली असते. तीनदा तपासणाऱ्याला ते चालून जातं, डबा महिन्यात संपतो. महिन्यातून दोनदा तपासणाऱ्याला नाही चालत.

डबी उघडल्यावर किती दिवस चालते हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. काही तीन महिने म्हणतात, काही सहा, काही छापील तारखेपर्यंत. आतला घडी केलेला कागद कोणी वाचत नाही, तो वाचा. डबीवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवा.

मिहानवाला

"स्वस्त आणि महाग सारखंच" हे मला पटत नाही. अमेरिकेत डायबेटिस टेक्नॉलॉजी सोसायटीने बाजारातले १८ मीटर स्वतंत्रपणे तपासले होते, निकाल २०१८ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात आला. सगळे तिथल्या सरकारची मंजुरी मिळालेले मीटर. १८ पैकी पास किती? ६. म्हणजे डब्यावर मानकाचं नाव छापलंय म्हणून विश्वास ठेवायचा का? आपल्याकडे तर अशी तपासणी दुकानातून माल उचलून कोणी करताना दिसत नाही.

इतवारी_हिशोब

मिहानवाले भाऊ, तीच यादी नीट वाचा की. पास झालेल्यांत कंटूर नेक्स्ट सगळ्यात वर होता हे खरं, पण वॉलमार्टने स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्तातला मीटरही पास झाला. आणि नापासांमध्ये चांगली महागडी नावं होती. त्यातून निघतं ते एवढंच की भाव बघून अचूकपणा कळत नाही. "महाग तो खरा" हे त्या तपासणीत कुठेच नाही.

मिहानवाला

तरीही माझी आई इन्सुलिनवर असती तर मी दहा रुपये वाचवायला गेलो नसतो.

टाईपवनची_आई

मला इथे बोलावंसं वाटतंय, कारण आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. लेक टाईप १, शाळेत जाते.

सगळे १५० आणि १७० वर भांडताय. खरा प्रश्न खालच्या टोकाला असतो. ७० च्या खाली म्हणजे शुगर कमी, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. मीटरने ६२ दाखवलं आणि १५ मिलिग्रॅमची सूट धरली तर खरा आकडा ४७ असू शकतो किंवा ७७. म्हणून आमच्याकडे नियम असा: हातापायाला कंप, घाम, चिडचिड दिसली की आकड्याशी हुज्जत घालायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. आणि लक्षणं काहीच नाहीत पण मीटर ५० म्हणतोय, तर हात पुसून दुसरं बोट, पण तोवर साखर हाताशी ठेवून.

प्रतापनगरकर, आई आता इन्सुलिनवर आहेत. वयस्कर माणसांना रात्री शुगर उतरल्याचं कळतही नाही कधीकधी. तुमच्यासाठी मीटर निवडताना मी एवढंच बघेन: खालच्या आकड्यांना तो कसा वागतो, आणि रक्त कमी पडलं तर काय करतो. आमच्या कंटूर प्लसमध्ये रक्त कमी पडलं तर त्याच पट्टीला थोडा वेळ आणखी रक्त लावता येतं. ज्यात ही सोय नाही त्यात ती पट्टी गेलीच. आईंचा हात थरथरत असेल तर अशा किती पट्ट्या वाया जातील याचा हिशोब इतवारीभाऊंनी धरलेला नाही.

सेन्सरबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगते. दंडावर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो, एकाचे पाच हजारांच्या आगेमागे पडतात, म्हणजे महिन्याला दहा. तो रक्त मोजत नाही, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून शुगर वेगाने चढत-उतरत असताना पाच-दहा मिनिटं मागे असतो. आणि मुलगी त्या कुशीवर झोपली की रात्री दोनला खोटा "लो" दाखवून घर जागं करतो. तरीही मुलांसाठी मी त्याला सोडणार नाही. पण सेन्सर असला तरी मीटर आणि स्ट्रिप्स घरात लागतातच.

तर्रीवाला

आमच्या सासऱ्याची गोष्ट आइका. डिसेंबरात काटोलहून संत्र्याची पेटी आली. दुपारी उन्हात बसून गप्पा मारत मारत संत्री सोलली, खाल्ली नाही म्हणे, नातवाले देली. मंग शुगर पाहिली, २३० च्या वर! घरात रडारड. डॉक्टरले फोन. डॉक्टरनं एकच विचारलं, हात धुतले काय? नाही. साबणानं धुऊन परत पाहिलं त १२८. आमची सासू म्हणते, बोट नाही, फोडच तपासली.

राखाडी_झाकण

सासऱ्यांना सांगा, हे शास्त्राने सिद्ध झालेलं आहे. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. लोकांना संत्र, द्राक्ष, किवी सोलायला लावलं आणि त्याच बोटाची शुगर पाहिली. आकडे वर गेले, द्राक्षाने सगळ्यात जास्त. मुख्य म्हणजे स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनसुद्धा आकडा नीट खाली आला नाही, वाहत्या पाण्याने धुतल्यावर आला. त्यामुळे आमच्या पेशंटना मी बोळा वापरायला सांगतच नाही. साबण, पाणी, आणि हात पूर्ण कोरडे. ओल्या बोटाने रक्त पातळ होतं आणि आकडा कमी येतो.

टोचायची जागा बोटाच्या पेराची बाजू, मधोमध नाही. मधोमध दुखतंही जास्त. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून जरा हलवा. बोट लिंबासारखं पिळू नका, पिळल्याने पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं.

प्रतापनगरकर

हे सगळं फार उपयोगी आहे, धन्यवाद. एक वेगळी शंका. आता मे तोंडावर आलाय. आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. मीटर आणि स्ट्रिप्स ठेवायच्या कुठे? डबीवर ३० डिग्रीपर्यंत लिहिलंय. ३० डिग्री नागपुरात मे महिन्यात कुठे असते?

खामल्याची_मावशी

फ्रिजमध्ये ठेव की.

मेडिकलवाला_सक्करदरा

मावशी, फ्रिजमध्ये नको. थंड डबी बाहेर काढून उघडली की आत दमट हवा जाते, पट्टीवर दव धरतं, पट्टी खराब. इन्सुलिन फ्रिजमध्ये, स्ट्रिप्स नाही. दोन्ही एकाच पिशवीत आणतो म्हणून लोक दोन्ही फ्रिजमध्ये सारतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात पट्टीचे दोन शत्रू आहेत. एक ऊन, ते सगळ्यांना कळतं. स्कुटीच्या डिक्कीत दुपारभर डबा राहिला तर मी तो डबा वापरणार नाही. दुसरा शत्रू कूलर, तो कोणाला कळत नाही. कूलरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर डबी ठेवली की दिवसरात्र ओली हवा तिच्यावर येते. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो, तो झाकण घट्ट असेल तोवर काम करतो. त्यामुळे पट्टी काढली की लगेच खटकन झाकण. एक पट्टी काढून डबी उघडी ठेवून मग सुई शोधत बसायचं नाही. आणि दहा पट्ट्या काढून डब्यात वेगळ्या ठेवल्या, बाहेरगावी न्यायला, हेही नाही.

घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी जागा बघा. बहुतेक घरांत ती आतल्या खोलीतलं लोखंडी नाही तर लाकडी कपाट असते, खालचा कप्पा. दुपारी मीटरने थर्मामीटरचं चित्र दाखवलं तर तो बिघडला नाही. त्याच्या चालायच्या तापमानाच्या वर खोली गेली आहे, बस. जरा थंड जागी नेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आणि मे महिन्यात ऑनलाइन मागवू नका. माल कुठल्या गोदामात, कुठल्या टेम्पोत तापला ते कोणालाच माहीत नसतं. हे मी दुकानदार म्हणून बोलतोय असं वाटत असेल तर मार्चमध्येच मागवून ठेवा, माझी हरकत नाही.

भंडाऱ्याची_नर्स

एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. हिमोग्लोबिन.

मीटरचा आकडा रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती यावर हलतो. रक्त कमी असेल तर मीटर शुगर जास्त दाखवतो, रक्त दाट असेल तर कमी. पट्टीच्या कागदावर "हिमॅटोक्रिट" म्हणून एक पट्टा दिलेला असतो, कोणाचा ३० ते ५५, कोणाचा त्याहून रुंद. ढोबळ मानाने हिमोग्लोबिनला तिनाने गुणा. हिमोग्लोबिन ८ असेल तर हिमॅटोक्रिट २४, आणि ३० पासून सुरू होणाऱ्या मीटरच्या तो बाहेर गेला. आपल्याकडे बायकांमध्ये ८-९ हिमोग्लोबिन नवं नाही. अशा बाईला मीटर ९५ दाखवतो आणि खरी शुगर ७५ असते, इन्सुलिनवर असेल तर हे धोक्याचं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी त्यांनी मीटर घेताना भाव नंतर बघावा, हा पट्टा आधी बघावा.

आणि आपल्या विदर्भात दुसरा प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, घरोघरी एएस (वाहक) किंवा एसएस (प्रत्यक्ष आजार) पॅटर्न निघतो. तीन महिन्यांची शुगर म्हणून जी एचबीए१सी करतात ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून. एसएसमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यामुळे एचबीए१सी खोटी कमी येते. एएसमध्ये लॅब कुठल्या पद्धतीने करते त्यावर अवलंबून. माझ्याकडे एक काका आले, एचबीए१सी ६.१, घरचा मीटर रोज २०० च्या वर. घरच्यांनी ठरवलं मीटर बिघडलाय. मीटर ठीक होता, काकांचा पॅटर्न एसएस होता. अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामाइन ही दुसरी रक्ततपासणी सांगतात, किंवा घरच्या मीटरच्या वहीवरच चालतात. सिकलसेलचं कार्ड असेल तर शुगरच्या डॉक्टरांना ते दाखवाच. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

प्रतापनगरकर

आईचं हिमोग्लोबिन काढून पाहिलं, ११.२. म्हणजे दोन्ही मीटरच्या पट्ट्यात बसतं.

पेरिटोनियल डायलिसिस (पोटात द्रव सोडून करतात ते), व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या वगैरेंचा उल्लेख कागदावर दिसला. त्याचं काय?

राखाडी_झाकण

आईंना ते लागू नाही, पण कोणाला असेल म्हणून: काही जुन्या पट्ट्यांत जीडीएच-पीक्यूक्यू नावाचं एन्झाइम असतं. त्याला ग्लुकोज आणि माल्टोज वेगळं ओळखता येत नाही. पेरिटोनियल डायलिसिसच्या काही द्रवांत आयकोडेक्स्ट्रिन असतं, त्याचं शरीरात माल्टोज होतं, आणि मीटर खोटा जास्त आकडा देतो. त्यावर इन्सुलिन देऊन अमेरिकेत मृत्यू झाले होते, २००९ मध्ये तिथल्या एफडीएने तसा इशाराही काढला. अशा पेशंटनी पट्टी कुठल्या एन्झाइमची आहे ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

अ‍ॅक्टिव्हबद्दल एक छोटी गंमत. बाकी बहुतेक मीटर विजेच्या प्रवाहाने मोजतात, हा रंगाने मोजतो. पट्टीच्या मागे एक गोल ठिपका असतो, रक्त लावल्यावर त्याचा रंग बदलतो. डबीवर रंगांची पट्टी छापलेली आहे, तिच्याशी ताडून पाहा. मीटर २५० म्हणतोय आणि ठिपका फिक्का असेल तर काहीतरी गडबड आहे. पेशंटना हे क्वचितच कोणी सांगतं.

प्रतापनगरकर

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वही बघून त्यांनी आधी विचारलं, हे दोन मीटरचे आकडे एकाच वहीत का आहेत? त्यांचं म्हणणं, कुठलाही एक धरा, वहीत फक्त त्याचेच आकडे. दोन मीटर आलटून पालटून वापरले तर शुगर चढली की मीटर बदलला हे त्यांना कळत नाही. सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी रोज, आणि तिसरी तपासणी फिरती ठेवायला सांगितली: एक दिवस नाश्त्यानंतर दोन तासांनी, एक दिवस दुपारच्या जेवणानंतर, कधी रात्री तीनला. डोस बसला की संख्या कमी करू म्हणाले.

मीटर आम्ही देशीच धरला. खाली कसा वागतो ते कळावं म्हणून आईची शुगर ७५-८० ला असताना अ‍ॅक्टिव्हशी ताडून पाहिला, फरक पाच-सहाचा. बाबा अजून रुसलेले आहेत. दवा बाजारातून दोन डबे आणले, एक्स्पायरी पुढच्या वर्षीची.

गोळ्यावाला_५५

मला इन्सुलिन नाही, फक्त मेटफॉर्मिन. एचबीए१सी ६.८ वर टिकून आहे. मीही रोज तपासू का? हा धागा वाचून घाबरलो.

राखाडी_झाकण

घाबरण्यासारखं काही नाही. ज्या गोळ्यांनी शुगर गरजेपेक्षा खाली जात नाही अशा गोळ्यांवर, आणि शुगर स्थिर असलेल्यांना रोजच्या तपासणीने फारसा फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर वेगळं, तिने शुगर उतरू शकते. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण मेटफॉर्मिनवर रोज बोट टोचायची गरज बहुधा पडणार नाही. एखाद्या आठवड्यात नवीन काही खाऊन बघायचं असेल तर जेवणाआधी आणि दोन तासांनी अशी जोडी करून बघा, त्यातून कळतं.

तर्रीवाला

म्हणजे सावजी खाऊन दोन तासानं पाहाचं?

राखाडी_झाकण

सावजीसोबत किती भाकरी आणि किती भात खाल्ला त्यावर आहे, भाऊ. रस्सा शुगर फार वाढवत नाही. बाकी तेलाचं तुम्ही आणि तुमचे हृदयरोगतज्ज्ञ बघा.

खामल्याची_मावशी

सुया टाकायच्या कुठे? आमच्या कचरागाडीवाल्या पोराला मागे एकदा टोचली, फार वाईट वाटलं.

भंडाऱ्याची_नर्स

मावशी, फार चांगलं विचारलंत. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीत. जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनाइलची किंवा कपडे धुवायच्या लिक्विडची चालते, पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. लॅन्सेट आणि इन्सुलिन पेनच्या सुया त्यात टाकत जायच्या, पाऊण भरली की झाकण घट्ट बसवून टेप लावायची आणि वर मोठ्या अक्षरांत "सुया" लिहायचं. गाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते सांगा. तुमचा दवाखाना घेत असेल तर तिथेच देणं सगळ्यात बरं, त्यांचा सुयांचा कचरा वेगळा उचलला जातो. आणि लॅन्सेट एकाची एकानेच वापरायची. नवरा-बायको दोघांना शुगर आहे म्हणून टोचायचं पेन दोघांत एक, हे मी फार घरांत बघते. कावीळ बी त्यातून पसरते.